काटा आणि दम

वजन उतरवण्याच्या आहारावरची जी पुस्तिका आधुनिक काळात पहिल्यांदा घराघरांत पोहोचली, ती कुणा डॉक्टराने लिहिलेली नव्हती. लंडनमध्ये बड्या घराण्यांच्या अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहणाऱ्या विल्यम बँटिंग या गृहस्थांनी ती १८६३ साली स्वतः छापली आणि सुरुवातीला फुकट वाटली. बँटिंग उंचीने पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. बुटाची नाडी वाकून बांधता येत नसे. जिना उतरताना गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून ते पाठमोरे, एकेक पायरी करत उतरत. खाण्याचे ते अधाशी नव्हते, निदान त्यांचे स्वतःचे म्हणणे तसे होते.

पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांना एका नामवंत शल्यवैद्याने व्यायामाचा सल्ला दिला होता. नदी जवळच होती. बँटिंगांनी एक भक्कम होडी घेतली आणि पहाटे दोन-दोन तास वल्ही मारायला सुरुवात केली. दंडांत बळ आले, पण त्याबरोबर भूकही अशी सपाटून लागू लागली की वजन उतरण्याऐवजी चढले. शेवटी सल्ला देणाऱ्या मित्रानेच होडी सोडायला सांगितले. पुढे १८६२ मध्ये ऐकू कमी येते म्हणून ते विल्यम हार्वी या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हार्वींनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची यकृत आणि साखर यांवरची व्याख्याने ऐकलेली होती. त्यांनी कानाआधी पोटाकडे पाहिले आणि पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे बंद करायला लावले. मांस, मासळी, भाज्या आणि (इंग्रज गृहस्थच तो) रोजची वाइन चालू राहिली. वर्षभरात ४६ पौंड उतरले.

या गोष्टीतला आहाराचा भाग जगाने लक्षात ठेवला. स्वीडिश भाषेत ‘डाएट करणे’ या अर्थाचे क्रियापद आजही बँटिंगांच्या आडनावावरून चालते. होडीचा भाग मात्र विसरला गेला, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. वल्ही मारून बँटिंगांचे वजन उतरले नाही; पण अंगात बळ आले, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. काट्यावर न दिसणारा तो फायदा त्यांनी हिशेबात धरला नाही इतकेच. आपणही तो सहसा धरत नाही.

आज आहार आणि व्यायाम या दोन गोष्टी जोडीने विकल्या जातात. आहारात ‘कीटो’, व्यायामात ‘हिट’, म्हणजे तीव्र इंटर्व्हल व्यायाम. एकाने चरबी सुटी होते, दुसऱ्याने ती जळते, तेव्हा दोन्ही मिळून फायदा दुप्पट, असा साधा गुणाकार त्यामागे असतो. ज्यांना तो ऐकवला जातो ती माणसे बहुधा एका ठशाची : चाळिशीच्या आसपासची, दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत, पोट पट्ट्यावर आलेले, आणि लिफ्ट बंद पडली की तिसऱ्या मजल्यावर दाराशी दोन मिनिटे थांबून मग बेल वाजवणारी. हा गुणाकार त्यांच्या बाबतीत खरा ठरतो का, एवढेच या लेखात तपासायचे आहे.

आधी कीटो. बँटिंगांचा आहार कीटो नव्हता, कारण त्यात लोणीही वर्ज्य होते. खरा कीटोजेनिक आहार जन्मला तो वजनासाठी नाहीच. अपस्माराच्या रुग्णांना उपास घडला की झटके कमी होतात, हे जुने निरीक्षण होते. पण मुलांना किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी सुचवले, की जेवू घालूनही शरीराला उपासाचा भास करून देता येईल. त्यासाठी जेवणात जवळजवळ सगळे स्निग्ध पदार्थ असावेत, प्रथिने गरजेपुरती आणि कर्बोदके नावापुरती. ‘कीटोजेनिक’ हे नाव त्यांचेच. त्याच वर्षी टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग इन्सुलिनच्या शोधात गुंतले होते. आडनाव तेच; विल्यम बँटिंगांशी त्यांचे लांबचे नातेही सांगितले जाते.

उपासाचा हा भास कसा निर्माण होतो? आपल्या यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत तीनचारशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. बाहेरून येणारी कर्बोदके दिवसाला २० ते ५० ग्रॅमवर आणली, की यकृतातला साठा एखाद-दोन दिवसांत उतरतो. इन्सुलिन खाली येते, चरबीच्या पेशी आपला माल सोडू लागतात आणि यकृत त्यातून कीटोन बनवते. मेंदू चरबी थेट जाळू शकत नाही, पण कीटोन जाळू शकतो. बोस्टनमध्ये जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे संपूर्ण उपास केलेल्या स्थूल रुग्णांच्या मेंदूत जाणारे आणि मेंदूतून येणारे रक्त तपासले आणि १९६७ मध्ये दाखवून दिले, की त्या अवस्थेत मेंदूचे निम्म्याहून अधिक इंधन कीटोनचे असते. त्याआधी कीटोन म्हणजे मधुमेहाच्या रुग्णातली धोक्याची खूण, एवढीच त्यांची ओळख होती. (आपला एकादशीचा उपास या अर्थाने उपासच नव्हे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांना चयापचय कळत होता.)

कीटोच्या पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो आणि माणूस हरखून जातो. त्यातला मोठा वाटा पाण्याचा असतो. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा गेला की तेही जाते. शिवाय इन्सुलिन उतरल्यावर मूत्रपिंडे मीठ बाहेर टाकू लागतात, त्यामागोमाग पाणी. डोके दुखणे, पायांत गोळे येणे, उठताना चक्कर, ही ‘कीटो फ्लू’ म्हणून सांगितली जाणारी दुखणी बरीचशी या मिठाचीच असतात. त्यानंतरचे वजन मात्र खरे उतरते, कारण भूक मंदावते. प्रथिने आणि स्निग्धाने पोट भरल्यासारखे राहते आणि चहाबरोबरची बिस्किटे, वडापाव, संध्याकाळचे फरसाण, हे सगळे एका फटक्यात ताटाबाहेर जाते. चमत्कार म्हणावा असे यात काही नाही. माणूस न मोजता कमी खाऊ लागतो, आणि हेही थोडे नव्हे.

मात्र हा वेग टिकत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत ६३ स्थूल व्यक्तींवर केलेल्या चाचणीत अतिअल्प कर्बोदकांचा गट सहा महिन्यांपर्यंत पुढे होता. वर्ष संपेपर्यंत दोन्ही गटांतला फरक पुसला गेला. स्टॅनफर्डच्या क्रिस्टोफर गार्डनर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ६०९ जणांच्या चाचणीत वर्षाअखेर कमी स्निग्धाच्या गटाचे सरासरी ५.३ किलो उतरले, कमी कर्बोदकांच्या गटाचे ६ किलो. सांख्यिकीच्या भाषेत हे सारखेच. पण दोन्ही गटांत कुणी जवळपास तीस किलो उतरवले होते, तर कुणी दहा किलो वाढवले होते. दोन आहारांतल्या फरकापेक्षा दोन माणसांतला फरक कितीतरी मोठा निघाला.

आता व्यायामाकडे. थोडा वेळ दम लागेपर्यंत जोर, मग थोडी उसंत, पुन्हा जोर : इंटर्व्हलची ही पद्धत धावपटूंच्या मैदानातून आली. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर यांनी ती शास्त्रशुद्ध केली, आणि जगाच्या डोळ्यांत भरवली ती चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेक यांनी. ४०० मीटर जोरात, मग थोडे हळू, पुन्हा ४०० मीटर, अशा चाळीस-चाळीस फेऱ्या ते एका दिवसात घालत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि आयुष्यात प्रथमच धावलेली मॅरेथॉन, अशी तिन्ही सुवर्णपदके नेली.

प्रयोगशाळेत ही पद्धत नंतर आली. जपानच्या इझुमी ताबाता यांचा २० सेकंद जोर आणि १० सेकंद उसंत असा १९९६ चा प्रयोग आज जिमच्या भिंतींवर रंगवलेला दिसतो, पण तो तरुण, तयारीच्या मुलांवर आणि कमाल क्षमतेच्याही वरच्या जोराने केलेला होता. पन्नाशीच्या बैठ्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याच्या उपयोगाची आहे ती नॉर्वेतल्या ट्रोन्डहाइमची ‘चार गुणिले चार’ रीत. त्यात चार मिनिटे अशा जोराने चालायचे किंवा सायकल मारायची, की हृदयगती आपल्या कमाल गतीच्या ८५ ते ९५ टक्क्यांवर जाईल आणि पूर्ण वाक्य बोलता येणार नाही. मग तीन मिनिटे सावकाश. असे चार वेळा. उल्रिक विस्लॉफ आणि सहकाऱ्यांनी ही रीत हृदय कमकुवत झालेल्या वृद्ध रुग्णांवरही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वापरून दाखवली. या जोराने हृदयाचा प्रत्येक ठोका अधिक रक्त फेकायला शिकतो आणि स्नायूंमधली ऑक्सिजन वापरणारी यंत्रणा वाढते. शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, या मापाला शास्त्रात लांबलचक नाव आहे. मराठीत त्याला ‘दम’ हा नेमका शब्द आधीपासूनच आहे, म्हणून मी तोच वापरतो.

आहार आणि जोर-उसंत यांची गाठ घालून देणारा, आपल्या प्रश्नाला थेट भिडणारा एक प्रयोग झाला तो योगायोगाने झाटोपेकच्याच मुलखात. त्यांचे जन्मगाव कोप्रिव्हनित्से आणि कोळशा-पोलादाचे शहर ओस्त्रावा ही जवळजवळची ठिकाणे. ओस्त्रावा विद्यापीठातले लुकाश त्सिप्रियान आणि सहकाऱ्यांनी, न्यूझीलंड वगैरे ठिकाणच्या संशोधकांच्या साथीने, अंगात चरबी जास्त असलेल्या ९१ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत वाटले. एका गटाने फक्त इंटर्व्हल व्यायाम करायचा. दुसऱ्याने फक्त अतिअल्प कर्बोदकांचा, भरपूर स्निग्धाचा आहार घ्यायचा. तिसऱ्याने दोन्ही. चौथ्याने होते तसेच राहायचे. मुदत बारा आठवडे. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

आहाराच्या दोन्ही गटांत वजन उतरले आणि पोटातली खोल चरबी, म्हणजे आतड्यांभोवती साठणारी, मधुमेह आणि हृदयविकाराशी जास्त संबंध असलेली चरबीही कमी झाली. फक्त व्यायाम करणाऱ्यांचे वजन आणि ही चरबी यांत लक्षणीय फरक पडला नाही. दम मात्र वाढला तो व्यायाम करणाऱ्यांचा, मग त्यांचा आहार कोणताही असो. आणि ज्यांनी दोन्ही केले, त्यांना दोन्ही फायदे मिळाले, पण आपापल्या मापाने. आहाराने चरबी उतरवली होती, व्यायामाने त्यात फारशी भर घातली नाही. व्यायामाने दम दिला होता, आहाराने त्यात भर घातली नाही.

म्हणजे गुणाकार नाही. बेरीजही नाही, कारण बेरीज एकाच जातीच्या वस्तूंची होते. कीटो आणि इंटर्व्हल ही दोन वेगळ्या दुखण्यांवरची दोन वेगळी औषधे आहेत. ती एकत्र घेता येतात, पण एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

असे का, हे साध्या हिशेबानेही कळते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. चार गुणिले चारच्या एका सत्रात, तयारी-उसंत धरून, नव्वद किलोचा माणूस फार तर साडेतीनशे कॅलरी खर्च करील. आठवड्याला तीन सत्रे म्हणजे हजारभर. बारा आठवड्यांत बारा हजार. चरबीत हे दीड किलो झाले, तेही भूक अजिबात वाढली नाही तर. आणि भूक वाढते, बँटिंगांना विचारा. व्यायाम संपल्यावरही तासन्‌तास शरीर चरबी जाळत राहते असे जाहिरातीत सांगतात. ते खोटे नाही, पण तो खर्च दोन-तीन चकल्यांत भरून निघतो. हा अंक वाचताना डबा शेजारी असेल, तर तो बंद करा असे मी म्हणणार नाही. व्यायामाच्या नावावर तो मांडू नका, इतकेच.

एका ठिकाणी तर ही दोन औषधे एकमेकांच्या वाटेत येतात. हळू चालताना स्नायू बरीचशी चरबी जाळतात. जोर वाढवला की त्यांना घाई होते, आणि घाईचे इंधन ग्लायकोजेन. चरबी जाळायला ऑक्सिजन अधिक लागतो. एक लिटर ऑक्सिजनमधून साखर सुमारे पाच कॅलरी देते, चरबी ४.७ च्या आसपास. फरक किरकोळ वाटतो, पण दम संपत आलेला असताना तोच नडतो. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांनी ऑलिंपिक दर्जाच्या जलद-चाल स्पर्धकांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसले. तीन आठवड्यांच्या कडक सरावानंतर कर्बोदके खाणाऱ्यांची १० किलोमीटरची वेळ सुधारली. कीटोवाल्यांचे स्नायू विक्रमी प्रमाणात चरबी जाळू लागले, पण त्यांची वेळ सुधारली नाही. याउलट, अनेक महिने अल्प कर्बोदकांवर राहिलेल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूंत ग्लायकोजेन इतरांइतकेच आढळले, असा जेफ व्होलेक यांचा २०१६ चा अभ्यास आहे. तेव्हा शरीर कालांतराने बरेच जुळवून घेते असे दिसते. आपल्या बैठ्या माणसाला या वादातून एवढेच घ्यायचे आहे, की कीटोच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पाय शिशासारखे जड होणार. दोन्ही एकाच सोमवारी सुरू करणारे बहुतेकदा व्यायाम सोडतात, आणि मग दमाचे औषध सुटून फक्त काट्याचे उरते.

त्यातून काय गमावले, हे काटा सांगत नाही. उलट कधी कधी फसवतो. दम मोजताना तो दर किलो वजनामागे मांडण्याची पद्धत आहे. नव्वद किलोच्या माणसाचे शरीर मिनिटाला २.७ लिटर ऑक्सिजन वापरत असेल, तर किलोमागे ३० मिलिलिटर. तोच माणूस हृदय आणि फुप्फुसे होती तशीच ठेवून ऐंशी किलोवर आला, तर आकडा जवळजवळ ३४ होतो. कागदावर दम वाढला. हृदयाला त्याची वार्ताही नाही. जिना चढताना दहा किलोचे ओझे कमी झाले, हा फायदा खराच, पण इंजिन तेच आहे.

इंजिन महत्त्वाचे की ओझे, हा प्रश्न जुना आहे. लंडनचे जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दुमजली बसगाड्यांच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. शंकेखोरांनी विचारले, की ड्रायव्हर मुळातच जाड असतील तर? मॉरिस आणि सहकाऱ्यांनी कंपनीने शिवून दिलेल्या गणवेशांची मापे मिळवली, आणि १९५६ मध्ये ‘गणवेशांचे साथशास्त्र’ अशा मिश्कील नावाखाली ती प्रसिद्ध केली. ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला खरोखरच मोठ्या होत्या. पण पुढे माप माप जुळवून पाहिले तरी कंडक्टरांचा फायदा उरलाच. सडपातळ असो वा पोट सुटलेला, जिने चढणारा सुरक्षित होता. १९८९ मध्ये डल्लसच्या स्टीव्हन ब्लेअर यांनी तेरा हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची ट्रेडमिलवरची क्षमता आणि नंतरचे मृत्यू ताडून पाहिले. दमाच्या उतरंडीत मृत्यूचे प्रमाण सर्वांत जोरात घसरते ते तळाच्या पंचमांशातून त्याच्या वरच्या पायरीवर येताना. तिथून अव्वल धावपटू होईपर्यंतची मिळकत त्या मानाने थोडी. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवायच्या आधी थांबणारा माणूस नेमका त्या तळाच्या पायरीवर उभा असतो. त्याला सर्वाधिक देऊ शकणारे औषध त्याच्या काट्यावर दिसतच नाही.

याचा अर्थ चरबीची काळजी नको, असा नाही, आणि आपल्या लोकांना तर मुळीच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला जोडफोटो डॉक्टरमंडळींत प्रसिद्ध आहे. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी दडलेली असते, म्हणून आपल्याकडे २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर स्थूलता धरतात. त्यात २०२२ मध्ये देशातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. तेव्हा आपल्या माणसाला दोन्ही दुखणी आहेत आणि दोन्ही औषधे हवीत. प्रश्न मात्रेचा आहे.

ओस्त्रावाचा आहार मराठी ताटात कसा बसेल? पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीत ३५ ग्रॅम कर्बोदके असतात. एका केळ्यात पंचवीसेक. भाकरी आणि वाटीभर वरण झाले, की दिवसाचा कीटोचा कोटा संपला. मांस-मासळी-अंडी खाणाऱ्याचे निभते. शाकाहाऱ्याचे प्रथिन मात्र डाळी-उसळींत असते आणि तिथे कर्बोदके सोबत येतातच. मग उरते पनीर, शेंगदाणे, ओले खोबरे आणि तूप. पंधरा दिवस उत्साहात जातात, त्यानंतर घरात वेगळा स्वयंपाक करणाऱ्याचा उत्साह आधी संपतो. मला वाटते, बैठ्या मराठी माणसाला इतक्या टोकाला जायची गरजही नाही. आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणातल्या १८ हजारांहून अधिक प्रौढांच्या आहाराच्या नोंदींवरून डॉ. अंजना, डॉ. मोहन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जे गणित मांडले, त्यात नव्याने जडलेला मधुमेह परतवण्यासाठी कर्बोदके निम्म्याच्या आसपास आणि प्रथिने १९-२० टक्क्यांवर नेणे पुरेसे दिसते. आपल्या जेवणात कर्बोदकांचा वाटा साठ टक्क्यांच्या वर असतो. म्हणजे दोन पोळ्या आणि भाताऐवजी एक भाकरी, दुप्पट उसळ, ताटाच्या निम्म्या भागात भाजी. महाराष्ट्राने मध्यंतरी दोनदा जेवण आणि रोजची चाल हा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा प्रयोग घरोघर करून पाहिला. त्याविषयी मतभेद असोत, पण सांगायला सोपा नियम माणसे पाळतात, एवढे त्यातून दिसले.

ज्यांना खरोखर कीटो करायचा आहे, त्यांनी गोळ्यांचा डबा घेऊन आधी डॉक्टरांकडे जावे. हे वाक्य शिष्टाचार म्हणून लिहिलेले नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एकाएकी भाकरी बंद केली, तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाते. रक्तदाबाची गोळी चालू असताना मीठ-पाणी उतरले, तर उठताना माणूस कोसळतो. आणि सर्वांत फसवी गोष्ट डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातल्या गोळ्यांची. डॅपाग्लिफ्लोझिन ही गोळी आपल्याकडे स्वस्त आणि घरोघरी झाली आहे. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकते. तिच्यावर असताना कर्बोदके तोडली तर कीटोन बेसुमार वाढून रक्त आम्ल होऊ शकते, आणि तेही ग्लुकोमीटरवर साखर जवळपास नेहमीसारखी दिसत असताना. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप. घरचे म्हणतात ‘पित्त झाले’, आणि जीव धोक्यात असतो.

जोराच्या व्यायामालाही असाच एक दरवाजा ओलांडावा लागतो. मरे मिटलमन यांच्या १९९३ च्या अभ्यासात, जोराच्या श्रमानंतरच्या तासाभरात हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका आठवड्यातून पाच वेळा व्यायाम करणाऱ्यांत २.४ पट वाढलेला आढळला. एकदाही न करणाऱ्यांत १०७ पट. मूळ धोका तासागणिक फार लहान असतो, म्हणून घाबरून खुर्चीतच बसावे असे नाही. पण ज्याला व्यायामाची सर्वाधिक गरज, त्यालाच पहिल्या दिवशी सर्वाधिक धोका, हे त्या दोन आकड्यांत दिसते. चाळिशीनंतर, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा घरात हृदयविकार असेल तर तपासणी करून घ्यावी. चालताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाटल्यासारखे झाले, तर तो दम नव्हे. तिथेच थांबायचे.

सुरुवातीसाठी ट्रोन्डहाइमपेक्षाही सौम्य रीत जपानच्या मात्सुमोतोत आहे. तिथल्या शिन्शू विद्यापीठाच्या हिरोशी नोसे आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन व वृद्ध माणसांना धावायला लावलेच नाही. तीन मिनिटे हळू चालायचे, तीन मिनिटे इतके झपाझप की गप्पा तुटतील; अशा पाच जोड्या, आठवड्यातून चार दिवस. पाच महिन्यांनी या गटाच्या मांड्यांची ताकद आणि दम एकसारख्या चालीने चालणाऱ्यांपेक्षा जास्त वाढला, रक्तदाबही अधिक उतरला. याला जिम लागत नाही, पट्टा लागत नाही. सोसायटीच्या आवारात दोन खांबांमधले अंतर आणि मनगटावरचे घड्याळ पुरते. पहिल्या महिन्यात आहाराला हात न लावता एवढेच करावे, आणि भाकरीचा हिशेब दुसऱ्या महिन्यात काढावा, असे मी सुचवीन. काट्यावर रोज उभे राहू नये. त्याऐवजी पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्याला किती सेकंद लागले आणि वर पोहोचल्यावर एका मिनिटात नाडीचे ठोके किती पडले, हे कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहावे, आणि दर पंधरा दिवसांनी त्याखाली नवे आकडे.